मशीन घेण्याआधी तीन आकडे काढा: व्होल्ट, अँपिअर आणि ओहम



या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर विजेचं गणित जरा भरभर झालं. सांगलीच्या रविवारच्या वर्गातही तेच झालं. एक ताई थेट म्हणाल्या, "सर, मार्जिनचं गणित कळलं, पण हे ओहम-बिहम डोक्यावरून गेलं." चूक त्यांची नाही. मी स्वतः बीबीए. नफा-तोटा, ताळेबंद, मार्केटिंग सगळं शिकलो, पण ओहमचा नियम दहावीच्या परीक्षेनंतर जो सोडला तो सोडलाच. तो मला परत शिकायला लागला, तेव्हा त्याची फी साधारण २२ हजार रुपये पडली. तुम्हाला ती फी पडू नये म्हणून आज सगळं सावकाश लिहितोय.

कागद, पेन आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर घेऊन बसा. गुणाकार-भागाकार येत असेल तर बास. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

माझी २२ हजारांची शिकवणी

आज माझं साताऱ्यात पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. त्याच्या आधी मी गावाकडं चटणी-मसाल्याचं छोटं युनिट सुरू केलं होतं. घराच्या मागे शेड, घराच्या मीटरपासून साधारण ४० मीटर लांब. २ एचपीचा सिंगल फेज पल्व्हरायझर घेतला. मशीनवर एवढे पैसे गेले होते की वायरच्या वेळी हात आखडला. दुकानात म्हटलं, "साधी द्या, एक एमएमची चालेल." दोन-अडीच हजार वाचले म्हणून खूशही झालो.

मार्च-एप्रिल म्हणजे आपल्याकडं चटणीचा हंगाम. मिरच्या वाळलेल्या, ऑर्डरी हातात, मशीन दिवसभर चालू. मधेच एमसीबी पडायचा. मी काय केलं? १० अँपिअरचा काढून २० चा बसवला. पडायचं बंद झालं, मला वाटलं प्रश्न सुटला. एक दिवस आई शेडमध्ये आली आणि म्हणाली, "अरे, ही वायर केवढी तापलीय बघ तरी." मी म्हटलं, "चालू मशीनची वायर कोमट होणारच गं." चौथ्या दिवशी संध्याकाळी मोटार गुरगुरली, जळका वास आला आणि बंद पडली.

रिवाइंडिंग, दुसरीकडून दळून आणायची मजुरी, परत गेलेल्या दोन मोठ्या ऑर्डरी. भर हंगामातले अकरा दिवस गेले. मी सगळ्यांना सांगत होतो की मशीनच खराब निघालं. मोटार भरून आल्यावर एक वयस्क वायरमन बसवायला आले. त्यांनी पाहणी केली आणि म्हणाले, "मालक, मोटार जळली नाय, तुम्ही जाळली."

मग त्यांनी दहा मिनिटं मशीन चालवलं आणि फक्त तीन मापं घेतली. घराच्या मीटरपाशी २०५ व्होल्ट, शेडमध्ये मशीनपाशी १८५ व्होल्ट आणि वायरमधून जाणारा करंट १४ अँपिअर. या तीन आकड्यांत माझी सगळी चूक लिहिलेली होती. मला ती वाचता येत नव्हती, एवढंच.

आता आपण ती वाचायला शिकू.

आधी शब्द समजून घेऊ

व्होल्टेज म्हणजे दाब. पाण्याची टाकी जितकी उंच तितका नळाला जोर जास्त, तसंच. आपल्या घरातला सिंगल फेज पुरवठा २३० व्होल्टचा धरतात. प्रत्यक्षात तो कमी-जास्त होतो, विशेषतः लाइनच्या टोकाला आणि शेतीपंप चालू असताना.

करंट म्हणजे प्रवाह. पाइपमधून किती पाणी वाहतंय, तसं वायरमधून किती वीज वाहतेय. हा अँपिअरमध्ये मोजतात.

रेझिस्टन्स म्हणजे अडथळा. शाळेच्या पुस्तकात याला 'रोध' म्हणायचे. पाइप बारीक आणि लांब असेल तर पाणी अडतं. वायरचंही अगदी तेच. हा ओहममध्ये मोजतात.

पॉवर म्हणजे कामाचा वेग. एका क्षणाला यंत्र किती वीज खातंय ते. ही वॉटमध्ये. १,००० वॉट म्हणजे १ किलोवॉट, आणि १ किलोवॉट एक तास चाललं की १ युनिट. बिल या युनिटवर येतं.

यातला ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर, कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याने हा नियम १८२७ साली पुस्तकात मांडला. आणि वॉट म्हणजे वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट. तो तर आपल्यातलाच, धंदेवाला माणूस. गिऱ्हाइकाला इंजिनाची ताकद समजावी म्हणून त्याने घोड्यांशी तुलना केली, "माझं इंजिन इतक्या घोड्यांचं काम करतं." तेच हॉर्सपॉवर, आपलं एचपी. १ एचपी म्हणजे साधारण ७४६ वॉट. म्हणून २ एचपी म्हणजे जवळपास दीड किलोवॉट.

दोनच सूत्रं

व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे हातात असले की बाकीचे दोन निघतात.

रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर = व्होल्टेज × करंट

भागलं की ओहम, गुणलं की वॉट. एवढं पाठ करा.

याच दोन सूत्रांतून आणखी दोन निघतात, ती पुढे लागतील:

पॉवर = करंट × करंट × रेझिस्टन्स
पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स

पहिलं वायरसाठी वापरायचं, दुसरं हीटरसाठी. का, ते उदाहरणातून बघू.

उदाहरण १: ड्रायरची कॉइल

समजा तुम्ही हळद, आलं किंवा कांदा वाळवायला छोटा इलेक्ट्रिक ड्रायर घेतला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून माझ्या वर्गात हळदीवर काहीतरी करू बघणारे दर बॅचला असतात, म्हणून हे उदाहरण.

ड्रायरच्या हीटरला २३० व्होल्ट मिळतात आणि तो १० अँपिअर घेतो.

रेझिस्टन्स = २३० ÷ १० = २३ ओहम
पॉवर = २३० × १० = २,३०० वॉट, म्हणजे २.३ किलोवॉट

आठ तास सलग चालला तर २.३ × ८ = १८.४ युनिट. तुमच्या बिलात सगळे आकार धरून युनिटला समजा १० रुपये पडत असतील, तर दिवसाला १८४ रुपये. हा आकडा मालाच्या किमतीत धरलाय का? बहुतेक जण धरत नाहीत. हळदीचा भाव धरतात, पाकिटाचा धरतात, वीज 'घरचीच' म्हणून सोडून देतात.

आता गंमत बघा. तुमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं. कॉइल तीच आहे, म्हणजे रेझिस्टन्स तोच २३ ओहम.

करंट = १९० ÷ २३ = ८.२६ अँपिअर
पॉवर = १९० × ८.२६ = सुमारे १,५७० वॉट

व्होल्टेज १७ टक्क्यांनी उतरलं, पण उष्णता जवळपास ३२ टक्क्यांनी उतरली. कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो, आणि पॉवर या दोघांचा गुणाकार आहे. दोन्हीकडून मार बसतो.

म्हणून कंपनीच्या डेमोत आठ तासांत वाळलेला माल तुमच्याकडं आठ तासांनी दमट राहतो. तसाच पॅक केला की पंधरा दिवसांत बुरशी आणि दुकानदाराचा फोन. मशीनला शिव्या देण्याआधी सॉकेटमधलं व्होल्टेज बघा, तेही मशीन चालू असताना.

उदाहरण २: माझी वायर

आता वायरमन काकांचे तीन आकडे परत घेऊ. मीटरपाशी २०५, शेडमध्ये १८५, करंट १४.

मधले २० व्होल्ट गेले कुठं? वायरमध्ये. मग वायरचा रेझिस्टन्स काढा:

२० ÷ १४ = साधारण १.४३ ओहम

आणि वायर स्वतः किती वीज खात होती?

२० × १४ = २८० वॉट

घरातले चार पंखे चालतील एवढी वीज माझी वायर नुसती तापायला घेत होती. आई जे हाताने सांगत होती, तेच काकांनी आकड्यात सांगितलं.

आता हे मशीन घेण्याआधी कळलं असतं का? कळलं असतं. तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स कागदावर काढता येतो:

रेझिस्टन्स = ०.०१८ × वायरची लांबी मीटरमध्ये ÷ वायरची जाडी स्क्वेअर एमएममध्ये

लांबी धरताना एक चूक सगळे करतात. शेड ४० मीटरवर आहे म्हणून ४० धरतात. वीज फेजच्या वायरने जाते आणि न्यूट्रलच्या वायरने परत येते. म्हणून लांबी दुप्पट, ८० मीटर.

०.०१८ × ८० ÷ १ = १.४४ ओहम

मीटर लावून आलेला आकडा १.४३, कागदावरचा १.४४. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी वहीकडं बघतच बसलो. पेन-कागद घेऊन पाच मिनिटं बसलो असतो तर २२ हजार वाचले असते.

मोटारच्या पाटीवर ११ अँपिअर लिहिलेलं होतं. ४० मीटर अंतरासाठी तीन वायरींची तुलना करू:

एक एमएम: १.४४ ओहम. व्होल्टेज पडतं १६ व्होल्ट, वायरमध्ये वाया १७४ वॉट.
अडीच एमएम: ०.५८ ओहम. पडतं साडेसहा व्होल्टच्या आसपास, वाया ७० वॉट.
चार एमएम: ०.३६ ओहम. पडतं ४ व्होल्ट, वाया ४४ वॉट.

एक एमएम आणि चार एमएम यांत फरक १३० वॉटचा. महिन्याला १५० तास मशीन चाललं तर साडेएकोणीस युनिट, म्हणजे १० रुपये दराने जवळपास १९५ रुपये महिना, वर्षाला २,३०० च्या वर. वायरमध्ये जे वाचवले ते वर्षभरात बिलातून गेलेच असते. आणि मोटार जळाली ती वेगळीच.

मोटारचं वागणं उलटं असतं

इथे नीट लक्ष द्या. हीटरला व्होल्टेज कमी मिळालं तर तो कमी करंट घेतो आणि गार राहतो. मोटार तशी नाही. तिच्यावर दळणाचा तेवढाच बोजा असतो. व्होल्टेज कमी मिळालं की ती तेच काम करायला जास्त करंट ओढते. माझी मोटार ११ च्या ऐवजी १४ अँपिअर ओढत होती.

मोटारच्या आतल्या गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १४ × १४ = १९६, ११ × ११ = १२१. १९६ भागिले १२१ म्हणजे १.६२. करंट २७ टक्क्यांनी वाढला, पण गुंडाळीतली उष्णता ६२ टक्क्यांनी. असं दिवसभर, एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये. कुठली मोटार टिकेल?

शिवाय मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. वायर बारीक असेल तर नेमकं त्याच वेळी व्होल्टेज सगळ्यात जास्त पडतं, आणि मोटार फिरायच्या ऐवजी नुसती हूं-हूं करत बसते. असा आवाज आला तर स्विच लगेच बंद करा. "फिरेल थोड्या वेळात" म्हणून वाट बघू नका.

मोटारच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. एक, मल्टीमीटरने बंद मोटारचा ओहम मोजून २३० ला त्याने भागू नका. गुंडाळीचा ओहम अगदी थोडा असतो, उत्तर भलतंच मोठं येईल. मोटार फिरायला लागली की ती स्वतःच आतून उलटा दाब तयार करते, त्यामुळे साधं भागाकाराचं सूत्र तिथं लागू होत नाही. दोन, मोटारसाठी नुसतं व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तर खरे वॉट येत नाहीत, त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. माझ्या मोटारचा हिशोब, पॉवर फॅक्टर ०.८ धरून:

२३० × ११ × ०.८ = २,०२४ वॉट

पाटीवर मात्र दीड किलोवॉट लिहिलेलं. मग ५०० वॉट कुठं गेले? पाटीवरचा किलोवॉट म्हणजे मोटार शाफ्टवर जे काम देते तो. ती विजेच्या मीटरमधून जे घेते ते जास्त असतं, मधला फरक उष्णतेत आणि घर्षणात जातो. बिल घेतलेल्यावर येतं, दिलेल्यावर नाही. खर्च काढताना नेहमी घेतलेले वॉट धरा.

कोयनेचा धडा

आपल्या सातारा जिल्ह्यात कोयना धरण आहे. शाळेच्या सहलीत बहुतेकांनी लांबून बघितलंय. कोयना प्रकल्पाची सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. धरणातलं पाणी बोगद्यातून कोकणाच्या बाजूला पोफळीकडं उतरवतात, तिथे वीज होते आणि मोठमोठ्या मनोऱ्यांवरून लांब जाते. त्या तारांमध्ये २२० आणि ४०० किलोव्होल्टचा दाब असतो. एवढा कशाला? घरात तर २३० व्होल्टच लागतात.

उत्तर माझ्या शेडच्या वायरीतच आहे. साधा हिशोब करा. १ मेगावॉट म्हणजे १० लाख वॉट. ते २३० व्होल्टने पाठवायचे तर १०,००,००० ÷ २३० = सुमारे ४,३४८ अँपिअर. तेच २,२०,००० व्होल्टने पाठवले तर साडेचार अँपिअर. तारेतलं नुकसान करंटच्या वर्गाने वाढतं, म्हणजे त्याच तारेत नुकसान सुमारे ९ लाख पटींनी कमी. प्रत्यक्षात तिथे थ्री फेज असतं आणि हिशोब थोडा बदलतो, पण तत्त्व हेच. दाब वाढवा, करंट कमी होईल, तार तापणार नाही.

आपल्यासाठी याचा उपयोग काय? तुमचा लोड वाढत चालला असेल तर सिंगल फेजवर मोठं मशीन रेटू नका. थ्री फेजचा विचार करा. ५ एचपीच्या थ्री फेज मोटारच्या पाटीवर साधारण असं असतं: ३.७ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर. बघा, माझी २ एचपीची मोटार सिंगल फेजवर ११ अँपिअर घेत होती, आणि ही ५ एचपीची असून प्रत्येक वायरमध्ये साडेसातच.

थ्री फेजचं सूत्र: पॉवर = १.७३२ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर

१.७३२ × ४१५ × ७.५ × ०.८२ = सुमारे ४,४२० वॉट, म्हणजे ४.४२ किलोवॉट

आता यावरून किलोमागे वीज काढा. समजा तुमचं मशीन तासाला ३० किलो मसाला दळतं. ४.४२ भागिले ३० म्हणजे किलोला ०.१४७ युनिट, १० रुपये दराने किलोला दीड रुपया. तासाला किती किलो हे विक्रेत्याच्या पत्रकावरून घेऊ नका. तुमची मिरची, तुमची जाळी आणि घड्याळ लावून स्वतः मोजा.

आणि हो, बिलात नुसतं युनिट नसतं. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असं बरंच असतं. म्हणून बिलाची एकूण रक्कम भागिले वापरलेले युनिट, हा तुमचा खरा दर. मी सगळीकडं १० रुपये सोपा म्हणून धरलाय, तुम्ही तुमचा धरा.

मोजायचं कसं, आणि कुणी

करंट मोजायला वायरमनकडं क्लॅम्प मीटर असतो, त्याला ते टाँग टेस्टर म्हणतात. चिमटा एकाच वायरभोवती लावायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र चिमट्यात घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. "शून्य दाखवतंय, मीटर बिघडलाय" असं म्हणणारे मी बरेच बघितलेत.

साध्या मल्टीमीटरने चालू लाइनचा करंट मोजायच्या फंदात पडू नका. ओहम मोजायचा तर सप्लाय पूर्ण बंद करून आणि मशीन सुटं करूनच. आणि हे सगळं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. तुम्ही शेजारी वही घेऊन उभे राहा, आकडे लिहा, गणित तुम्ही करा. काम त्यांचं, हिशोब आपला.

एमसीबीबद्दल माझी चूक परत करू नका. एमसीबी वायरला वाचवायला असतो. तो वायरच्या क्षमतेवरून ठरतो. सारखा पडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. मोठा बसवणं म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबणं. वायर बदलायची की एमसीबी, हे वायरमनला ठरवू द्या.

आता जिवाचा प्रश्न. चटणी, पापड, लोणचं, हळद, आपल्या सगळ्या धंद्यांत हात ओले असतात. ओल्या शरीराचा रेझिस्टन्स साधारण १,००० ओहम धरला तर तेच सूत्र लावा: २३० ÷ १,००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. एवढ्यात माणूस जातो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग पहिल्या दिवसापासून हवं. एमसीबी इथे वाचवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ०.२३ अँपिअर म्हणजे काहीच नाही. नफा झाल्यावर बसवू, असं म्हणायची ही वस्तू नाही.

कनेक्शनचंही बघा

मशीनचे अँपिअर कळले की घरातल्या सगळ्या लोडची बेरीज करा आणि बिलावरचा मंजूर भार बघा. बेरीज जास्त येत असेल तर आधी भार वाढवून घ्या. वर्गवारीही तपासा. दुकान वाणिज्यिक वर्गात येतं. पिठाची किंवा मसाल्याची गिरणी औद्योगिक वर्गात येते आणि त्याचा दर वेगळा असतो. ज्या कारणासाठी कनेक्शन घेतलंय त्यापेक्षा वेगळा वापर सापडला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. म्हणून महावितरणच्या जवळच्या कार्यालयात जाऊन, मशीनच्या पाटीचा फोटो दाखवून विचारून घ्या. एक चक्कर पडेल, पण डोक्याला ताप राहणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही जे मशीन घ्यायचं ठरवलंय, त्याच्या पाटीचा फोटो काढा. विक्रेत्याकडं नुसतं एचपी विचारू नका, अँपिअर विचारा. मीटरपासून मशीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि दुप्पट करा. ०.०१८ ने गुणा, वायरच्या जाडीने भागा, ओहम मिळाले. त्याला अँपिअरने गुणा, किती व्होल्ट पडणार ते कळलं. तो आकडा सात व्होल्टच्या आत, म्हणजे २३० च्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एक नंबर जाड वायर घेऊन परत करा. मग वायर आणि एमसीबी त्या करंटला पुरतात का, ते वायरमनकडून नक्की करून घ्या.

माझा आताचा गिऱ्हाईक असो की वर्गातला विद्यार्थी, मशीनचं कोटेशन घेऊन आला की मी पहिलं विचारतो, "शेड मीटरपासून किती लांब?" लोकांना वाटतं हे काय मधेच. ते वयस्क वायरमन आता काम करत नाहीत, पण माझ्या दुकानात गल्ल्यावर एक चिठ्ठी अजून चिकटवलेली आहे: २०५, १८५, १४. कुणी विचारलं की सगळी गोष्ट सांगतो.

तुमच्या मशीनचे आकडे काढले की कमेंटमध्ये लिहा: किती एचपी, किती अँपिअर, किती मीटर, कुठली वायर. गणित चुकलं असेल तर आपण मिळून दुरुस्त करू. कागदावर चुकलं तर पेन लागतो, शेडमध्ये चुकलं तर रिवाइंडिंग.

भेटू पुढच्या रविवारी, सांगलीत किंवा व्हिडिओत!